डॉक्टर झाला, आता सर्जन होऊ द्या

महाड तालुक्यातील तळीये गावाचे नाव २२ जुलै २०२१ रोजी साऱ्या देशाला माहीत झाले. मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि गावातली वाडी मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालेले, रस्ते बंद, फोन बंद. तळीयेला मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

मातीखाली गुदमरलेल्या माणसाला जगातला कोणताही डॉक्टर वाचवू शकत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण अशा प्रत्येक दुर्घटनेत काही माणसे जिवंत निघतात. कुणाची मांडी मोडलेली असते, कुणाचा पाय चिरडलेला असतो, कुणाच्या पोटात आतल्या आत रक्त साठत असते. त्यांना त्याच घटकेला सर्जन लागतो.

आणि दरड काही रोज कोसळत नाही. गरज मात्र रोजची आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यात स्फोट आणि आग होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात तर बातमीतही येत नाहीत. झाडावरून पडलेला गडी, फुटलेले अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, अडलेली बाळंतीण, यांपैकी कुणालाही पनवेल-मुंबईचा रस्ता परवडत नाही. पैशानेही नाही आणि वेळेनेही नाही.

मग प्रश्न असा की, या डोंगरदऱ्यांसाठी सर्जन कुठून येणार? शहरात जन्मलेला, शहरात शिकलेला डॉक्टर इथे टिकेलच याची खात्री कोण देणार? या मातीतल्या कष्टकऱ्यांच्या मुलामुलींनीच सर्जन झाले तर काही आशा आहे. आज अशा घरांतून एमबीबीएसला मुले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ घरांत एमबीबीएस झाले की "आता कमवायला लाग" असे म्हटले जाते आणि शिक्षण तिथेच थांबते. हा लेख त्या घरांसाठी आहे.

बिरवाडीचा धडा

दूर जायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव महाड-पोलादपुरात घरोघरी माहीत आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातला गरीब घरचा हा मुलगा पडेल ती कामे करीत नागपुरातून एमबीबीएस झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल झाला. त्या काळी कोकणात लाल विंचू चावला की माणसे पटापट मरत. विंचवाच्या विषाने हृदय आणि रक्तदाब कसे बिघडतात याच्या नोंदी त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून केल्या. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या दंशावर चालते हे त्यांनी दाखवले. शंभरात चाळीसपर्यंत असलेले मृत्यू शंभरात एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ते सर्जन नव्हेत, मेडिसिनचे डॉक्टर आहेत. तरीही इथे त्यांची आठवण काढण्याचे कारण आहे. बिरवाडीत काम करून झाल्यावर ते एमबीबीएसवर समाधान मानून बसले नाहीत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून त्यांनी एमडी केले आणि मग पुन्हा याच भागात आले. खेड्याची सेवा आणि वरचे शिक्षण यांचे भांडण नाही. वरचे शिक्षण घेतले म्हणून सेवा मोठी झाली.

किती वर्षे लागतात

आधी हिशेब समजून घ्यावा, म्हणजे घरात धीर राहतो. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. शासकीय कॉलेजात शिकलेल्याला बंधपत्राप्रमाणे एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते. मग सर्जरीची पदव्युत्तर पदवी, एमएस, तीन वर्षांची. तिच्यानंतरही शासकीय कॉलेजवाल्याला एक वर्षाचे बंधपत्र आहे. बारावीनंतर लगेच प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी पुरती सर्जन होईपर्यंत वयाची तिशी येते.

हे ऐकून छाती दडपते. पण मधली सगळी वर्षे घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते. २०२४ साली राज्य शासनाने ते दरमहा ११,००० वरून १८,००० रुपये केले आणि निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात १०,००० रुपयांची वाढ केली. शासकीय कॉलेजात एमएस करणारा डॉक्टर शिकत असतानाच पगारासारखी रक्कम घेतो. ती रक्कम खाजगी दवाखान्याच्या कमाईइतकी नसेल, पण त्यात स्वतःचा खर्च भागवून घरी थोडे पाठवता येते. ज्या घरात "आणखी तीन वर्षे कुठून आणायची" असा प्रश्न आहे, तिथे हे आकडे पोचले पाहिजेत.

हात आणि डोळा

सर्जरीची तयारी एमबीबीएस संपल्यावर सुरू करायची असते, असा पुष्कळांचा समज आहे. खरे पाहता ती पहिल्या वर्षीच सुरू होते. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, म्हणजे अॅनाटॉमी असते. मृतदेहाच्या टेबलाभोवती विद्यार्थ्यांची गर्दी होते आणि लाजरा मुलगा मागे उभा राहतो. त्याने पुढे यावे. धमनी कुठून निघते, तिच्या शेजारून कोणती नस जाते, हे पुस्तकात वाचणे आणि स्वतः चिमट्याने उकलून पाहणे यांत फार अंतर आहे. पुढे पोट उघडल्यावर सर्जनचा हात याच ओळखीवर चालतो.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र येते. हे कोरडे विषय वाटतात. पण जखम भरते कशी, गाठ कर्करोगाची कशी ओळखावी, कोणत्या जंतूवर कोणते औषध, हे सगळे सर्जनचेच काम आहे.

मग वॉर्ड सुरू होतात. इथे आपल्या मुलांकडे एक भांडवल असते, ज्याची त्यांना जाणीव नसते. ते म्हणजे रुग्णाची भाषा. पोटात दुखते म्हणून आलेली म्हातारी म्हणते, "कळ येते नि जाते." ही कळ आतड्यात किंवा मूत्रमार्गात काही अडकल्याची खूण असू शकते. दुसरा म्हणतो, "सारखं दुखतंय, हललो की जास्त." तिथे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असावी. तिसऱ्याच्या हाताला गळू आहे आणि तो म्हणतो, "ठणकतंय, रात्रभर झोप नाही." ठणका आणि जागरण म्हणजे आत पू झाला असे जुने सर्जन शिकवत आले आहेत. कळ आणि ठणका यांतला फरक खेड्यातल्या मुलाला आईच्या तोंडून माहीत असतो. त्याने तो वहीत उतरवावा. रोज एका रुग्णाची पूर्ण हकीकत स्वतः लिहिणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडखळत नाही.

हाताची तयारी तर घरीही होते. आपल्या आयाबहिणींना निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक सांगावा लागत नाही. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ बसते. सर्जनला रक्तवाहिनी बांधताना अशी गाठ मारावी लागते की ती पुढे कधी सरकणार नाही. दोन फेरे उलटसुलट दिशेने टाकले तर गाठ घट्ट बसते. दोन्ही फेरे एकाच दिशेने टाकले तर ती सरकते आणि रक्त सुरू होते. खुर्चीच्या पायाला दोरा बांधून रोज शंभर गाठी मारणारे विद्यार्थी वसतिगृहात असतात. त्यांना कुणी हसले तर हसू द्यावे. डाव्या हातानेही गाठ मारता आली पाहिजे.

इंटर्नशिपचे वर्ष पुष्कळ जण खोलीत पुस्तके घेऊन काढतात, कारण डोक्यावर परीक्षा असते. सर्जरी करायची असेल तर हे वर्ष फुकट घालवू नये. कॅज्युअल्टीत जखम धुणे, टाके घालणे, गळू फोडणे, मूत्रमार्गात नळी घालणे, ओटीत वरिष्ठांना मदत करणे, हे त्याच वर्षी हाती बसते. एक वही ठेवावी. काय केले, कुणाच्या देखरेखीखाली केले, काय चुकले, हे तारखेनिशी लिहावे. या शाखेत आपले मन खरोखर लागते की नाही, हेही याच वर्षी कळते. रात्री दोनला बोलावणे आले तर कुणी चिडतो, कुणी उत्साहाने उठतो. उठणाऱ्याने सर्जरी घ्यावी.

दोनशे प्रश्न

एवढे सगळे केले तरी जागा मिळते ती परीक्षेतल्या क्रमांकावर. नीट-पीजी ही देशभर होणारी परीक्षा आहे. २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, एकूण ८०० गुण, साडेतीन तास. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे ४०-४० प्रश्नांचे पाच भाग केले आहेत. प्रत्येक भागाला ४२ मिनिटे, आणि वेळ संपली की मागे वळता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवूनच सराव करावा. एका प्रश्नावर अडून बसायची सवय असलेला हुशार विद्यार्थी इथे मागे पडतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'नेक्स्ट' या नव्या परीक्षेची तरतूद आहे. ती लागू झाली की पद्धत बदलेल, म्हणून दरवर्षीची अधिकृत सूचना वाचण्याची सवय ठेवावी.

परीक्षेत एकोणीस विषय असतात. सर्जन व्हायचे म्हणून फक्त सर्जरी वाचून चालत नाही. डोळ्यांचा, त्वचेचा, न्यायवैद्यकाचा प्रश्नही चारच गुणांचा असतो. ज्यांना जमते ते मोबाईलवरची शिकवणी घेतात, तिला हजारो रुपये लागतात. ज्यांना जमत नाही त्यांनी खचू नये. प्रत्येक विषयाचे एकच पुस्तक, मागच्या वर्षांचे प्रश्न, आणि चुकलेल्या प्रश्नांची स्वतःची वही, एवढ्या सामग्रीवर पुष्कळ मजल मारता येते. दहा पुस्तके एकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक चार वेळा वाचलेले बरे.

एक सावधगिरी. काही वर्षी जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रतेची रेषा खाली आणली गेली. २०२३ साली तर ती शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. यावरून "आता काय, कुणालाही मिळते" अशी चर्चा होते. ती चर्चा ऐकून अभ्यास सोडू नये. पात्र ठरणे वेगळे आणि चांगल्या शासकीय कॉलेजात सर्जरीची जागा मिळणे वेगळे. रेडिओलॉजी, मेडिसिन यांच्यासारखीच सर्जरीलाही चुरस असते, आणि राखीव जागेसाठीही आपल्याच हुशार मुलांची आपसात स्पर्धा असते.

कागदांची पेटी

पुष्कळदा क्रमांक चांगला येतो आणि कागद अडवतो. म्हणून हा भाग पालकांनी नीट वाचावा.

शासकीय कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यात भरल्या जातात आणि निम्म्या राज्याच्या कोट्यात. अखिल भारतीय कोट्यात २००७ पासून अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. राज्याच्या कोट्यात १३ टक्के आहेत. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्ती कायद्याने मिळाल्या. परंतु दोन्हीकडे लागणारा दाखला एकसारखा नसतो. राज्याचा बौद्ध धर्मांतरिताचा दाखला घेऊन केंद्राच्या प्रवेशाला गेलेला विद्यार्थी ऐन वेळी अडकू शकतो. केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला वेगळा काढून ठेवावा. राज्याच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. एमबीबीएसच्या प्रवेशावेळी ते काढले असेल तर मूळ प्रत जपून ठेवावी. धाकट्या भावंडांच्या अर्जालाही ते पुरावा म्हणून जोडता येते.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे धरले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना नमुना, असे काही घरात असेल तर ते सोन्यासारखे सांभाळावे. २०२१ च्या पुरात महाडमध्ये घरेच्या घरे पाण्याखाली गेली, तिथे कपाटातले कागद कुठले राहणार? प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात आणि मोबाईलच्या डिजिलॉकरमध्येही उतरवून घ्याव्यात. नावाचे स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हेही पाहावे.

आणखी दोन गोष्टी. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात निव्वळ रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. त्याच कॉलेजात शिकलेल्यांना काही प्रमाणात प्राधान्य देता येते. म्हणून राज्याच्या जागांचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून वाचावेत, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. दुसरे म्हणजे, पसंतीक्रम भरताना घाईघाईत अभिमत विद्यापीठांची नावे वर टाकू नयेत. तिथे फी वर्षाला कित्येक लाखांत असते. मोठ्या रुग्णालयांतून होणारी डीएनबी ही पदवीही मान्यताप्राप्त आहे. तिचाही विचार करावा.

वॉर्डातले दिवस

जागा मिळाली की खरी परीक्षा सुरू होते. सर्जरीचा निवासी डॉक्टर पहाटे वॉर्डात उभा असतो. ड्रेसिंग, रक्ततपासण्या, वरिष्ठांचा राउंड, ओपीडी, ओटी, आणि रात्री पुन्हा कॅज्युअल्टी. पहिल्या वर्षी चाकू हातात फारसा येत नाही. रिट्रॅक्टर धरून तासन् तास उभे राहायचे आणि पाहायचे. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आता नियमानेच आले आहे. आपल्या भागातला डॉक्टर ते दिवस ओझे न मानता काढेल, कारण उद्या त्याला तिथेच काम करायचे असेल.

निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम करू नये असे केंद्र सरकारने १९९२ सालीच म्हटले होते. २०२३ च्या नियमात आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आणि वाजवी विश्रांती लिहिलेली आहे. वॉर्डात हे तास नेहमी पाळले जात नाहीत, हे निवासी डॉक्टरांच्या संपांतून वेळोवेळी पुढे आले आहे.

काम जड आहे म्हणून आपली मुले मोडत नाहीत. अपमान झाला की मोडतात. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्रीरोग विभागाच्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर खटला दाखल झाला. "तुझा रँक काय होता?" हा प्रश्न वॉर्डात कुणी हसत विचारतो, तेव्हा त्यामागे काय दडले आहे हे आपल्या मुलांना बरोबर कळते. त्याचे उत्तर एकच. राखीव जागेवर आलेला डॉक्टरही तीच एमएसची परीक्षा, तेच पेपर, तेच रुग्ण घेऊन उत्तीर्ण होतो. तिथे पास व्हायला वेगळी रेषा नाही.

तरीही मूल एकटे पडू नये. त्रास झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवावी, लेखी तक्रार द्यावी. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे आणि अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. आणि सर्वांत आधी घरी सांगावे. घराने ऐकून घ्यावे.

घरच्यांनी काय करावे

सर्जन एकटा होत नाही. त्याच्याबरोबर घर तीन-चार वर्षे वाट पाहते. ती वाट कशी पाहायची, एवढेच शेवटी सांगायचे आहे.

मुलगी एमबीबीएस झाली की स्थळे येऊ लागतात. "सर्जरी बायकांचे काम नव्हे, डोळ्यांचे किंवा बालरोगाचे घे" असे सल्ले मिळतात. ओटीतल्या सुईला धरणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे कळत नाही. तिला विचारावे, आणि तिचे उत्तर मानावे. लग्न करायचेच असेल तर शिक्षण पुरे होईल असा शब्द समोरच्यांकडून आधी घ्यावा.

परीक्षेचे वर्ष असताना लग्नकार्य, जत्रा, गावकीची बैठक यांना त्याला बोलावू नये. तो आला नाही म्हणून रुसू नये. एका वर्षी हवा तो क्रमांक आला नाही तर दुसऱ्यांदा बसू द्यावे. फोनवर "किती वाचून झाले?" असे विचारण्याऐवजी "जेवलास का, झोपलास का?" असे विचारावे. मोठा भाऊ कंपनीत लागला असेल तर त्याने घराचा भार आणखी थोडे दिवस उचलावा. जिथे तो भारही जड आहे, तिथे एमबीबीएसनंतर शासकीय सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून लागून अभ्यास करण्याची वाट आहे. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला आहे.

अलिबागला २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला परवानगी मिळाली. रायगडचा मुलगा आता रायगडातच डॉक्टर होऊ शकतो. त्यांतले काही जण सर्जन होऊन महाड, पोलादपूर, माणगावच्या रुग्णालयांत बसले, तर पुढच्या पावसाळ्यात दरडीखालून जिवंत निघालेल्या माणसाला, महामार्गावर सापडलेल्या कामगाराला आणि अडलेल्या बाळंतिणीला हाताशी माणूस असेल. त्यासाठी आज एखाद्या घराने आपल्या डॉक्टर लेकराला "थांब" न म्हणता "पुढे शीक" म्हणायला हवे.